उभी नदी, आडवी नाव

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा नुसता समोर ठेवला तर वाटावं, हा जिल्हा पाण्यावरून हिंडायसाठीच आखलाय. वरच्या अंगाने, ईशान्येकडून वर्धा, खालच्या अंगाने पैनगंगा. दोघी जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी धरून वणी तालुक्याच्या टोकाला, जुगाद-वढ्याच्या संगमावर एकमेकींना भेटतात. मधल्या पठारावरून बेंबळा, निर्गुडा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी अशा नद्या कुणी इकडे, कुणी तिकडे उतरतात. इतकं पाणी असताना इथल्या माणसाला विचारा, नावेत बसून कुठे गेला होतास? उत्तर एकच येईल: पलीकडे.

पलीकडे शेत असतं, सोयरे असतात, बाजार असतो, यात्रा असते. पैनगंगेच्या पलीकडे मराठवाडा, आणखी खाली तेलंगण. वर्धेच्या पलीकडे वर्धा आणि चंद्रपूर जिल्हे. नाव इथे नदी ओलांडायला असते, नदीने जायला नसते. नदी उभी आणि नाव आडवी, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. या पुस्तकात नदीने उभं जायचा, म्हणजे पाण्याच्या लांबीने जिल्हा पाहायचा खटाटोप आहे. तो कुठे जमतो, कुठे जमत नाही, आणि न जमण्याची कारणं काय, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

पाण्याने उभं आणि सावकाश जाण्याची हौस जगात जिथे सगळ्यात नीट भागते तिथून सुरुवात करू. पूर्व इंग्लंडात केंब्रिजशर, लिंकनशर आणि नॉरफोक या परगण्यांत फेन्स नावाचा सखल, सपाट मुलूख आहे. तिथल्या नद्या-कालव्यांतून नॅरोबोट नावाची नाव चालते. ती सुमारे सात फूट रुंद आणि लांबीला मात्र सत्तर फुटांपर्यंत असू शकते. आत चूल, बिछाना, न्हाणी, सगळा संसार. पीटरबरोहून निघायचं, मार्च नावाच्या गावावरून पुढे सरकायचं आणि दोन-तीन दिवसांनी ईलीच्या कॅथेड्रलचे मनोरे लांबून दिसायला लागले की ते गाठायला आणखी निम्मा दिवस घालवायचा. वेग माणसाच्या चालीएवढा. सुट्टीत भाड्याने अशी नाव घ्यायला परवानासुद्धा लागत नाही. या नावांची सात फुटांची रुंदी अठराव्या शतकात ठरली. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या काळात मधल्या इंग्लंडातले कालवे आणि त्यांवरची जलद्वारं याच मापाने बांधली गेली आणि नावांना तेच माप पाळावं लागलं. त्याच ब्रिंडलीने काम केलेला ब्रिजवॉटर कालवा 1761 साली मँचेस्टरला कोळसा पोचवण्यासाठी सुरू झाला. मँचेस्टर हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. आपल्या कापसाची गोष्ट त्या नावाशिवाय पुढे जात नाही.

फेन्समधलं पाणी इतकं शांत असतं की बघणाऱ्याला ती निसर्गाची देणगी वाटते. तशी ती नाही. तिथे पूर्वी दलदल होती. माणसं मासे, ईल आणि पाणपक्षी धरून, लव्हाळी कापून जगत. सतराव्या शतकात अर्ल ऑफ बेडफर्ड आणि त्याच्या भागीदारांनी कॉर्नेलिस व्हर्मायडेन या डच इंजिनिअरला बोलावून ती दलदल उपसायला घेतली. पहिला मोठा सरळसोट चर, जुनी बेडफर्ड नदी, 1637 च्या सुमाराला पुरा झाला. तो चौतीस-एक किलोमीटर लांब, फूटपट्टीने आखल्यासारखा. त्याला समांतर दुसरा 1651 मध्ये. ज्यांची रोजीरोटी त्या दलदलीवर होती ते लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी बांध फोडले, दंगे केले. त्यांना ‘फेन टायगर्स’ म्हटलं गेलं. पण उपसा थांबला नाही. पाणी गेल्यावर खालची कुजकट काळी माती वाळत, आकसत खाली बसू लागली. होम फेन नावाच्या ठिकाणी 1851 च्या सुमाराला जमिनीच्या पातळीपर्यंत गाडलेला लोखंडी खांब आज जवळपास चार मीटर उघडा पडलाय. म्हणून तिथे आज नावेत बसलेला माणूस शेतांकडे वरून खाली पाहतो: नदी बांधावर, शेत खड्ड्यात. पंप बंद पडले तर तो मुलूख पुन्हा पाण्याखाली जाईल.

आपल्याकडे नेमकं उलटं. पैनगंगेत उतरा आणि वर पाहा. काळ्या मातीच्या दरडी दोन्ही अंगांनी उंच उभ्या असतात, त्यांवर बाभळी आणि पळस. शेत दिसतच नाही, फक्त मोटारपंपाचे पाइप दरडीवरून खाली लोंबताना दिसतात. पायाखाली बेसॉल्टचा खडक. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा, त्याच लाव्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग आहे. वणीकडे गेलं की तो संपतो आणि चुनखडी, वाळूचा दगड, कोळसा सुरू होतो. खडकातून वाहणारी नदी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. थोडं अंतर डोह, मग खडकाळ उथळ, मग पुन्हा डोह. उमरखेड तालुक्याच्या कडेला सहस्रकुंडापाशी तर अख्खी पैनगंगा खडकावरून खाली कोसळते. पावसाळ्यात तिथला आवाज गाडीतून उतरण्याआधीच कानावर येतो. कोणतीही नाव तिथून खाली जाणार नाही, आणि गेली तर परत येणार नाही.

दुसरी अडचण पाण्याच्या वेळापत्रकाची. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. ऑगस्टमध्ये जी नदी पूल बुडवते तीच होळीपर्यंत डोहाडोहांत तुटलेली असते. रपटे असतात तिथे उन्हाळ्यात बैलगाड्या नदीतूनच पलीकडे जातात. फेन्समध्ये पाण्याची पातळी वर्षभर माणूस ठरवतो. आपल्याकडे ती पाऊस ठरवतो, आणि पाऊस कुणाचं ऐकत नाही.

असं असूनही एका माणसाने ही नदी उभी चालवायचं मनावर घेतलं होतं. या पुस्तकाचा एक मोठा भाग त्याच खटाटोपावर आहे. त्याचं नाव आर्थर कॉटन. आडनाव कापसाचं हा निव्वळ योगायोग, पण त्या काळातल्या विनोदी लोकांनी तो सोडला नसणार. गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम इथे त्याने 1847 ते 1852 या काळात बंधारा बांधला आणि त्रिभुज प्रदेशात कालव्यांचं जाळं विणलं. तिथे ते कालवे पाणी देण्यासाठी होते तसेच नावा चालवण्यासाठीही होते. आंध्रात आजही लोक त्याचे पुतळे उभारतात. कॉटनचं ठाम मत असं, की हिंदुस्थानला आगगाडीपेक्षा कालव्यांची आणि नद्यांच्या वाहतुकीची गरज जास्त आहे, कारण पाण्याने माल नेणं स्वस्त. आणि वऱ्हाडचा कापूस समुद्रावर न्यायचा तर गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा ही आयती वाट आहे, हे त्याने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी आग्रहाने मांडलं. 1856 साली हेग या लष्करी इंजिनिअरचा गोदावरीच्या नौकानयनाबद्दलचा अहवाल मद्रासला छापला गेला.

वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. 1860 च्या तहात गोदावरीच्या डाव्या काठचा निजामाचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरच्या मालाला जकात नको हेही त्यात ठरलं. सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचं ठाणं झालं. एखाद्या नदीवरून नावा चालाव्यात म्हणून तहात कलम घालणं ही चैन नव्हे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि वऱ्हाडचा कापूस एकदम सोन्याच्या मोलाचा झाला. यवतमाळचा हा मुलूख 1864 पासून वेगळा जिल्हा झाला तोही याच धामधुमीच्या वर्षांत. त्याचं सरकारी नाव पुढे कितीतरी वर्षं ‘वणी’ होतं. यवतमाळ हे जिल्ह्याचं नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं.

योजना कागदावर देखणी होती. गोदावरी-प्राणहितेच्या वाटेत तीन मोठे खडकाळ अडसर होते: पहिला भद्राचलमजवळ दुम्मागुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा, तिसरा प्राणहितेवर अहेरी भागात देवलमरीचा. प्रत्येक अडसराशी बंधारा घालायचा, बाजूने कालवा खणायचा आणि कालव्यावर जलद्वारं बसवायची.

जलद्वार म्हणजे काय ते इथे नीट सांगायला हवं, कारण ते पाहिल्याशिवाय पाण्याने डोंगर चढता येतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. कालव्यात एक लांबट हौद असतो, दोन्ही टोकांना जाड लाकडी दरवाजे. खालून आलेली नाव हौदात शिरते, मागचा दरवाजा लावून घेतात. मग वरच्या दरवाज्यातल्या झडपा उचलतात. वरचं पाणी घरंगळत हौदात येतं, नाव त्याच्यासोबत हळूहळू वर चढते. हौदातलं पाणी आणि वरच्या कालव्यातलं पाणी एका पातळीला आलं की दरवाजा आपोआप सैल होतो, एक माणूस पाठीने रेटून तो उघडतो, आणि नाव पुढे निघते. ना इंजिन, ना वजनाची गडबड. दरवाजे सरळ रेषेत नसतात. ते वरच्या पाण्याच्या दिशेने टोक काढून एकमेकांना टेकतात, त्यामुळे वरच्या पाण्याचा दाब जितका जास्त तितके ते घट्ट बसतात. नदी जिथे आठ-दहा मीटर कोसळते तिथे असे हौद एकापाठोपाठ लावले की धबधबा जिना होतो.

दुम्मागुडेमला बंधारा आणि जलद्वारं झाली, त्यांचे अवशेष तिथे आहेत. वरच्या दोन अडसरांवर कामं चालू राहिली, पैसा आणि हिवतापाने माणसं दोन्ही खर्ची पडली. तोवर दुसरीकडून लोखंडाची वाट येत होती. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असं करत 1867 मध्ये नागपुरात पोचली. 1870 मध्ये खामगावची फांदी सुरू झाली. पुलगावजवळ आगगाडीने वर्धा नदी ओलांडली, म्हणजे तिनेसुद्धा नदी आडवीच पार केली! कापूस रेल्वेने दोन-तीन दिवसांत मुंबईला जाऊ लागल्यावर चार महिने चालणाऱ्या नावांसाठी कोण थांबणार? 1871 मध्ये गोदावरीवरच्या नौकानयनाची कामं थांबवली गेली. यवतमाळच्या वेशीपर्यंत, वर्धेच्या पात्रापर्यंत, त्या योजनेची एकही नाव आली नाही.

कॉटनचा हिशेब चुकला होता का? मला वाटतं, नदीचा हिशेब त्याने डेल्टाच्या पाण्यावर केला. डेल्टाचा सपाट चिखल आणि वर्धेचा खडक यांत फार अंतर आहे. पण रेल्वेवाल्यांनी त्याला वेडा ठरवलं तेही तितकंसं खरं नाही. नदीला पायऱ्या घातल्या, पाणी साठवलं, तर काही महिने तरी नावा चालल्या असत्या. ते साठवलेलं पाणी शेतालाही मिळालं असतं. पुढे शंभर वर्षांनी आपण धरणं बांधलीच. त्यात नावेचा विचार मात्र कुणी केला नाही.

रेल्वेची उपशाखा मग यवतमाळात आली, ती 1903 मध्ये, मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हामार्गे, 762 मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरून. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिने 1994 पर्यंत चालवलं. म्हणजे ज्या शहराच्या कोळशासाठी ब्रिजवॉटरचा कालवा खणला, त्याच शहराचं इंजिन इथला कापूस ओढत होतं. तिची चाल सायकलवाल्याला लाजवणारी नव्हती. हौशी लोकांनी तिच्या प्रवासाबद्दल पुष्कळ हळवं लिहिलंय, मीही त्यांतला असेन. पण ती इथल्यांसाठी सहल नव्हती. बाजारचा, दवाखान्याचा, कॉलेजचा तो स्वस्त रस्ता होता. ती बंद पडल्यावर एस.टी. आणि जीपवाल्यांचं फावलं. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मोठ्या रुळांचा मार्ग येतोय. त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला.

सावकाश, संसारासकट, माल घेऊन चालणारी माणसं शोधायची तर ती यवतमाळात होतीच, फक्त पाण्यावर नव्हती. बंजारा तांडे. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ आणि कापसाच्या गोण्या लादून, बायकापोरांसह ते अर्धा हिंदुस्थान चालत. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस असा लदनीच्या बैलांवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. बैल चरत चरत पुढे सरकायचे, रात्री गोण्यांची भिंत रचून तांडा मुक्काम करायचा. इंग्लंडच्या कालव्यांवरची नाववाली कुटुंबं याच जातीची होती. नवरा घोडा हाकणार, बायको सुकाणू धरणार, पोरं मालाच्या ढिगावर वाढणार. दोघांचाही धंदा आगगाडीने बसवला. तिकडे उरलेल्या नावा सहलीच्या झाल्या. टॉम रोल्ट या माणसाने आपल्या ‘क्रेसी’ नावेतून प्रवास करून 1944 मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यातून कालवे वाचवायची चळवळच उभी राहिली. इकडे तांडे स्थिरावले, त्यांची गावं झाली. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या अशाच एका तांड्यातले वसंतराव नाईक 1963 पासून अकरा वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. लदनीच्या वाटांवर पुस्तक लिहिणारा रोल्ट मात्र बंजाऱ्यांना अजून मिळायचा आहे. कुणी तरुण लिहीत असेल तर त्याने ही प्रस्तावना इथेच सोडून आपल्या कामाला लागावं.

आता आजचं. संसदेने 2016 मध्ये कायदा करून देशातल्या 111 जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवलं. त्यांत 78 क्रमांकाचा जलमार्ग कोणता? पैनगंगा-वर्धा. कॉटनला हे कळलं असतं तर तो थडग्यात उठून बसला असता. उमरखेड किंवा वणीच्या बाजारात याबद्दल विचारलं तर माणूस आपल्याकडे संशयाने पाहतो आणि मग विषय रेतीच्या ट्रकांवर जातो. रेतीचं म्हणणं खोटं नाही. पात्रातून बेसुमार रेती उपसली की डोह बदलतात, उतार बदलतात आणि नावाड्याचं वर्षानुवर्षांचं ज्ञान एका हंगामात जुनं होतं. वणीकडे कोळशाच्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर नदीकाठी उभे आहेत. पूर आला की पाणी कुठे वळतं यात त्यांचाही हात असतो, असं तिथले शेतकरी सांगतात.

पलीकडे नेणारी नाव कशी असते ते मी वर्धेच्या एका घाटावर बराच वेळ बसून पाहिलं. लाकडी डोंगा, मधे तळाशी डांबर थापलेलं, एका बाजूला पत्र्याची ठिगळं. नावाडी म्हातारा, भोई. त्याच्या हातात वल्हं नव्हतं, लांब बांबू होता. तो बांबू पाण्यात सोडायचा, तळाला टेकल्याचं त्याला हाताला कळायचं, मग तो सगळं अंग त्यावर टाकून डोंगा पुढे ढकलायचा. मधल्या धारेला बांबू तळाला पोचायचा नाही. तिथे तो डोंग्याचं नाक प्रवाहाकडे तिरकं ठेवायचा आणि नदीलाच डोंगा पलीकडे न्यायला लावायचा. डोंग्यात दोन मोटारसायकली, एक बकरी, कांद्याचं पोतं आणि शाळेच्या दोन मुली होत्या. मोटारसायकली आधी चढवायच्या, मग माणसं, मग बकरी. हा क्रम मोडला की तो ओरडायचा. पलीकडे चिखलात फळी टाकायची आणि उलट्या क्रमाने सगळं उतरवायचं. मी विचारलं, खाली संगमापर्यंत नेशील का? तो माझ्याकडे बघतच राहिला. “तिकडं कोन राह्यते?” म्हणाला. मी म्हटलं, कुणी नाही, नुसतं बघायला. “मंग एस.टी.नं जा ना भाऊ.”

त्याच्याइतका सरळ सल्ला मला या विषयावर कुणी दिला नाही. पण तो ऐकला असता तर हे पुस्तक झालं नसतं.

उभा प्रवास आज यवतमाळात जमतो तो तुकड्या-तुकड्यांनी, आणि बहुतेक धरणांच्या पाण्यावर. पैनगंगेवरचं इसापूर धरण, दिग्रसजवळचं अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातलं बेंबळा, पुसदकडचं पूस, अडाण, वाघाडी: ही आमची ‘फेन्स’ म्हणायची तर म्हणता येतील, कारण इथलं पाणी फेन्ससारखंच माणसाने बसवलेलं आहे. इसापूरचा जलाशय मोठा. उपयुक्त साठाच सुमारे 964 दशलक्ष घनमीटर. कार्तिकात तो तुडुंब असतो आणि माघापासून उतरू लागतो. पाणी मागे हटतं तशी काळी मऊ जमीन उघडी पडते, तिच्यात गाळपेर होतो, हरभरा आणि टरबूज दिसू लागतं. हिवाळ्यात बदकं आणि इतर पाहुणे पक्षी उतरतात. तो परिसर आता अभयारण्य आहे. पुढे खाली उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याला नदी तीन बाजूंनी वळसा घालते. तिथल्या गावांना लोक बंदीभाग म्हणतात. त्या वळणावर पाणी थोडं आणि खडक पुष्कळ, त्यामुळे तिथला प्रवास काठाकाठाने, पायी.

धरणाच्या संथ पाण्यावर नाव हाकताना खाली काय आहे ते विसरता येत नाही. इसापूरच्या पाण्याखाली गावं आहेत, शेतं आहेत, देवळं आहेत. उठून गेलेली माणसं वरच्या माळावर वसली, काही नांदेड-हिंगोलीकडे गेली. फेन्सच्या दलदलीवाल्यांनी बांध फोडले, इथल्या लोकांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले. खाली निम्न पैनगंगा प्रकल्पाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय, कारण बुडणाऱ्या गावांचा त्याला ठाम विरोध आहे. तो झाला तर पैनगंगेवर उभा प्रवास आणखी बऱ्याच लांबीपर्यंत करता येईल. असा प्रवास मला हवा आहे का, याचं उत्तर मी या पुस्तकात कुठेच दिलेलं नाही, कारण त्या गावांत बसल्यावर ते देता येत नाही. संथ पाण्याच्या सगळ्याच योजना कागदावर सुंदर दिसतात. काठ कुणाचा बुडतो हे नकाशावर बारीक अक्षरात असतं.

आणि हौशी लोकांनी पाण्याला हलक्यात घेऊ नये. सप्टेंबर 2021 मध्ये याच वर्धा नदीत, वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यातल्या झुंज इथे नाव उलटून एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं बुडाली. दशक्रियेसाठी जमलेली माणसं होती ती. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं तेव्हा अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवायची वेळ आली. ज्या नदीत मार्चमध्ये मुलं क्रिकेट खेळतात तिची ही दुसरी बाजू.

पुस्तकाची मांडणी नदीच्या उताराने केली आहे. आधी पठारावरच्या लहान नद्या आणि त्यांवरची धरणं, मग पैनगंगा इसापूरपासून सहस्रकुंडापर्यंत, मग बंदीभाग, मग वर्धा बेंबळेच्या संगमापासून खाली, आणि शेवटी वढा, जिथे कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दोन्ही काठांची माणसं जमतात. मधे कॉटनच्या योजनेचं लांब प्रकरण आहे. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी ते खुशाल ओलांडावं, आडवं.

ज्यांना हे पाणी स्वतः पाहायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी यावं. धरणावर नाव मच्छीमार सहकारी संस्थेच्या माणसाकडेच मागावी आणि पैसे आधी ठरवावेत, म्हणजे दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही. लाइफ जॅकेट आपलं आपण न्यावं, तिथे मिळेल या भरवशावर राहू नये. सकाळी सातच्या आत निघावं, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि उघड्या जलाशयावर लहान नाव हेलकावे खाते. जलाशयाच्या वरच्या टोकाला, जिथे जुनी झाडं उभ्याउभ्या वाळून पाण्यात राहिली आहेत, तिथे जायचा आग्रह धरू नये. मी धरला होता. नावाडी “तिकडं खोडं हायेत, तळ फुटते” एवढंच म्हणाला आणि नाव त्याने परत वळवली.